उशीची चेन उघडू नका

लेदरचा सोफा घ्यायचं पक्कं झालंय ना? मग आधी ती मोजपट्टी परत कपाटात ठेवा. फारच चैन पडत नसेल तर भिंत मोजा, पण दार मोजू नका, आणि जिन्याचं वळण तर मुळीच नको. सोफा दारात आडवा जाईना, उभा जाईना, तिरका जाईना, चार माणसं घामाघूम झालीत आणि वरच्या मजल्यावरचे लोक कठड्यावरून वाकून सल्ले देतायत, हा कार्यक्रम मोजपट्टीवाल्यांच्या नशिबी नसतो. दारातून जाताना सोफ्याच्या लांबीपेक्षा त्याची खोली आणि पाठीची उंची नडते आणि बऱ्याच सोफ्यांचे पाय फिरवून काढता येतात, हे चौकटीचा रंग खरवडला गेल्यावर कळलं तरच लक्षात राहतं.

दुकानात बसून बघायची एक ठरलेली पद्धत आहे. अगदी काठावर बसायचं, पिशवी मांडीवर घ्यायची, मुलाखतीला आल्यासारखी पाठ ताठ ठेवायची आणि अर्ध्या मिनिटात ‘छान आहे’ म्हणून उठायचं. मागे टेकू नका. टेकलात तर पाठ लागताच पाय जमिनीवरून सुटतात हे ध्यानात येईल आणि विनाकारण मन खट्टू होईल. घरातल्या वयस्कर माणसांना तर नेऊच नका. ती खरोखर बसतात, आणि उठताना हात मागतात. जमिनीपासून साधारण ४२ ते ४५ सेंटिमीटर उंचीची बैठक बहुतेकांना सोयीची पडते म्हणतात, पण चार बोटं उंच असलेला सोफा फोटोत काही रुबाबदार दिसत नाही.

आता कातड्याकडे वळू. विक्रेता म्हणेल, “जेन्युइन लेदर आहे, सर.” इथे मान डोलवा आणि गप्प बसा. ‘कुठलं?’ हा प्रश्न तोंडातून बाहेर पडता कामा नये. कारण विचारलंत तर ऐकावं लागेल की जनावराचं कातडं बरंच जाड असतं आणि सोफ्यासाठी ते आडवं चिरून त्याचे थर काढतात. वरच्या थरातले तंतू घट्ट विणलेले असतात. तो न घासता तसाच ठेवला तर फुल ग्रेन. घासून, डाग झाकून, वरून छाप मारला तर करेक्टेड ग्रेन. खालच्या सैल थराला म्हणायचं स्प्लिट. त्याच्यावर प्लास्टिकचा लेप देऊन कातड्याची नक्षी उठवली की तोही ऐटीत शोरूममध्ये येतो, आणि त्याला जेन्युइन म्हणण्यात कुणी खोटं बोलत नाही. लेदरच आहे ते. दुधावरची साय आणि पातेल्याच्या बुडाची खरवड, दोन्ही दुधाचीच.

त्याहून खाली बॉन्डेड लेदर. कातरकाम करून उरलेल्या कातड्याचा भुगा चिकट द्रावणात कालवून कापडावर थापायचा, वर पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा थर द्यायचा, त्यावर सुरकुत्यांचा ठसा मारायचा. यात कातड्याचा अंश अनेकदा २० टक्क्यांच्याही आत असतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पण सोनूबाईला हात पुढे करायला लावणं हे सभ्य गिऱ्हाइकाचं लक्षण नव्हे.

शिवाय ‘लेदर मॅच’ नावाचा एक समजूतदार प्रकार आहे. तुमचं अंग जिथे लागतं तिथे लेदर, बाजूंना आणि मागे त्याच रंगाचं रेक्झिन. पाठीमागे भिंत असते, आणि भिंतीने आजवर कधी तक्रार केलेली नाही.

थर कुठला ते नाही, पण बैठकीला खरं कातडं आहे की नक्कल, एवढं न विचारताही कळायचा एक रस्ता आहे, आणि तोच टाळायचा आहे: बैठकीच्या उशीची चेन. ती उघडून कव्हरची आतली बाजू पाहिली की पाच सेकंदांत निकाल लागतो. कातडं असेल तर आत मऊ, लवदार तंतू दिसतात. रेक्झिन किंवा बॉन्डेड असेल तर बहुधा विणलेलं कापड. मी एकदा एका शोरूममध्ये चेनला हात घातला होता. तोवर कातड्याच्या सुवासावर बोलत असलेला विक्रेता एकदम थांबला, छताकडे बघत म्हणाला, “चेन जरा नाजूक आहे हं, साहेब.” इतक्या प्रेमळपणे सांगितल्यावर कोण उघडणार? मी हात मागे घेतला, आणि तोच सोफा घेतला. वास मात्र खरोखर लेदरचा होता. तो फवारताही येतो, हे नंतर समजलं.

निवड करताना डाग शोधा. फुल ग्रेन कातड्यावर गोचीड चावल्याची खूण असते, काटेरी तारेचा जुना ओरखडा असतो, मानेकडच्या भागात सुरकुत्या असतात, आणि रंग सगळीकडे तंतोतंत सारखा बसलेला नसतो. असा माल ‘डिफेक्टिव्ह’ म्हणून तिथल्या तिथे नाकारा. त्याऐवजी शेजारचा बघा, ज्याची रंध्रं कवायतीला उभी केल्यासारखी एका रांगेत आहेत आणि डाव्या हातावरची नक्षी उजव्या हातावर जशीच्या तशी पुन्हा आली आहे. ते जनावर बहुधा जन्मभर काचेच्या कपाटात बसून होतं.

सांगाड्याचं तर नावच काढू नका. लेदर आतल्या लाकडापेक्षा जास्त टिकू शकतं, पण लाकूड कुठे दिसतं? पुढचा एक पाय वीतभर उचलून पाहायचा, दुसरा पुढचा पायही लगेच उठला तर सांगाडा भक्कम, आणि तो जमिनीला चिकटून राहिला तर सांगाडा पिळवटतोय असं समजायचं, ही युक्ती कुणी सांगितली तर ऐकून सोडून द्या. भर दुकानात वाकून सोफा उचलायचा म्हणजे लोक आपल्याला हमाल समजायचे. सोफा उलटा करून, सांधे खुंट्यांचे नि स्क्रूचे आहेत की नुसत्या स्टेपलच्या पिना ठोकल्यात, आत वाळवलेलं टणक लाकूड आहे की भुशाचा बोर्ड, हे बघणारे लोकही आहेत. वरून कीर्तन आतून तमाशा असला तरी आपण कीर्तनालाच आलोय, हे त्यांना कोण सांगणार?

फोमबद्दल विक्रेता आपण होऊन ‘हाय डेन्सिटी’ म्हणेल. ‘एका घनमीटरला किती किलो?’ असं विचारलंत तर तो उत्तरादाखल गादी मुठीने दाबून दाखवेल. घनता वेगळी, कडकपणा वेगळा. हलका फोमही कडक करता येतो, आणि तोच आधी बसतो. पण मूठ आत जाऊन वर आली ना? झालं तर.

रंग पांढरा किंवा फिकट क्रीमच घ्या आणि नवीकोरी गडद निळी जीन्स घालून त्यावर रोज बसा. महिन्याभरात बैठकीवर आकाश उतरेल. अॅनिलिन लेदर परवडत असेल तर अवश्य घ्या, त्यात रंग आत मुरलेला असतो, वर लेप जवळजवळ नसतो, स्पर्श अप्रतिम, आणि पाण्याचा थेंब पडला की तोही आत मुरतो. ते उन्हात लवकर फिकं पडतं, म्हणून ठेवा थेट खिडकीखाली. लहान मुलांच्या घरात वर रंगाचा थर दिलेलं पिगमेंटेड लेदर बरं, फडक्याने पुसून निघतं. पण असल्या व्यवहारी गोष्टी बोलायला हा लेख नाही.

निगा म्हणाल तर हाताशी येईल ते चोळा: साबण, स्पिरिट, काच पुसायचं द्रावण. बुटाचं पॉलिशही लावून बघा. बुटाला चालतं, सोफ्याला का नाही? फक्त बुटावर कुणी पांढरी पँट घालून बसत नाही.

वॉरंटीचा कागद न वाचता फाईलला लावा. माझ्या कागदात सांगाड्याची हमी ऐसपैस होती, आवरणाची वर्षभराची, आणि साल निघणं हे ‘नैसर्गिक झीज’ या सदरात. दोन वर्षं सोफा नवा होता. मग ज्या हातावर मी रोज कोपर टेकतो तिथे एक केसाएवढी चीर दिसली. नखाने सहज चाचपली तर टिकलीएवढा तुकडा वर आला, खाली पांढरं कापड. घाम, डोक्याचं तेल आणि दमट हवा लागून तो वरचा थर कुजत जातो म्हणे. पुढे पुढे पाहुणे उठून निघाले की त्यांच्या पाठीला तपकिरी पापुद्रे चिकटलेले दिसायचे. मामा एकदा तसेच बसने घरी गेले, आणि रात्री मामींचा फोन आला, “अरे, यांच्या सदऱ्याला हे काय लागलंय?”

आता सोफ्यावर कायमची चादर असते. शाबूत आहे फक्त मागची बाजू, जी रेक्झिनची आहे असं त्या विक्रेत्याने स्वतःहून सांगितलं होतं. ‘लेदरचा आहे का हो?’ असं कुणी विचारलंच, तर आम्ही सोफा भिंतीपासून थोडा ओढतो आणि ती दाखवतो.