खुलासा: किडनीच्या कॅन्सरच्या 'त्या' गोळीबद्दल

परवा मीच आपल्या कोथरूडच्या ग्रुपवर एक मेसेज पुढे ढकलला होता: 'रोज एक गोळी, किडनीचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर मुळासकट बरा, साइड इफेक्ट शून्य.' तो चुकीचा आहे. पाठवण्याआधी नीट वाचायला हवा होता.

गोळ्या खऱ्या आहेत. सुनिटिनिबला अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली, पाझोपानिबला २००९ मध्ये. गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या वाढवून घेते. या गोळ्या ती रसदच तोडतात. त्यामुळे गाठ आकसते किंवा काही काळ वाढायची थांबते. पण पसरलेला आजार सहसा मुळापासून जात नाही, पुढे औषध बदलावं लागू शकतं.

आणि साइड इफेक्ट शून्य? माझ्या दादाला सुनिटिनिब सुरू आहे. चार आठवडे गोळी, दोन आठवडे सुट्टी. तळपाय इतके सोलवटलेत की चप्पल घालवत नाही. बीपी रोज वहीत लिहितो, थायरॉइडही तपासावा लागतो. काल त्याच्या डॉक्टरांना मेसेज दाखवला, औषधासोबतच्या पत्रकाशीही ताडून पाहिला. 'शून्य'ला कुठेच आधार नाही.

मेसेज मी डिलीट केलाय. तुम्ही कुठे पाठवला असेल, तर तिथे कृपया हा खुलासा टाका.