तिसरा नियम आणि हात मागे बांधलेले काका

बॅटरी उतरली, गाडी चौकाच्या तोंडाशीच गपगार झाली. बायको स्टिअरिंगवर, मी डिकीला हात लावून मागे. इथवर तक्रार नाही. गाड्या बंद पडतात, माणसं ढकलतात. पण पहिला जोर लावायला वाकलो तोच शेजारून आवाज आला, "उपयोग नाही."

इस्त्रीचा शर्ट, हात पाठीमागे बांधलेले, चेहऱ्यावर निकाल आधीच लागल्याचं समाधान.

"का हो काका?"

"तुम्ही गाडीला जेवढं ढकलणार तेवढंच गाडी तुम्हाला उलट ढकलणार. न्यूटनचा तिसरा नियम. बेरीज शून्य. हलेल कशी?"

"मग आजवर जगात एकही गाडी हलली नसती."

"तो वेगळा विषय आहे."

वास्तविक मी गप्प राहून ढकलायला हवं होतं. पण शून्य ऐकून डोकं फिरलं. "अहो, माझं बल गाडीवर लागतं, गाडीचं माझ्यावर. दोन वेगळ्या वस्तू! त्यांची बेरीज करताच कशी? गाडीला फक्त माझा रेटा कळतो. तो चाकांच्या विरोधापेक्षा जास्त झाला की ती निघाली. आणि गाडी मला जे मागे रेटते ते माझे बूट रस्त्यावर निभावून नेतात."

"म्हणजे सगळं बुटांवर आलं," काका म्हणाले. "दाखवा बघू तळ."

आणि मी दाखवला! भर रस्त्यात, एक हात डिकीवर, एक पाय नाल ठोकायला आलेल्या घोड्यासारखा मागे उचललेला. काका कमरेत वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, तळ न्याहाळला. "गुळगुळीत झालाय. घर्षण कमी पडणार. दुसरा?"

दुसरा मी दाखवला नाही. थोडा स्वाभिमान शिल्लक होता.

घोड्यावरून आठवलं. 1687 सालच्या 'प्रिन्सिपिया' या लॅटिन ग्रंथात न्यूटनने हा नियम समजावताना घोडाच घेतलाय. दोरीने दगड ओढणारा घोडा स्वतःही दगडाकडे तेवढाच ओढला जातो, असं तो म्हणतो. दगड जागचा हलत नाही, असं मात्र कुठेही म्हणत नाही. त्या घोड्याच्या शेजारी कुणी हात बांधून उभं होतं का, याबद्दल लॅटिनमध्ये अवाक्षर नाही.

एव्हाना मागच्या गाडीवाल्याने हॉर्नवर अंगठा ठेवला होता, तो काढेचना. शंभर डेसिबलचा आवाज कानठळ्या बसवतो खरा, पण त्यात चौरस मीटरमागे शक्ती किती? वॅटचा शंभरावा भाग. तेवढ्याने गाडी तसूभरही सरकत नाही, फक्त ढकलणाऱ्याचं डोकं उठतं. हा गृहस्थ उतरून दोन हात लावता तर त्याचाच रस्ता मोकळा झाला असता. पण काच खाली करायचीसुद्धा तसदी नाही. माणसं अशी का वागतात, याला कुठलाच नियम नाही.

"शिवाय इथे चढ आहे," काका म्हणाले.

हे खरं निघालं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. सपाट रस्त्यावर हजार किलोची गाडी हलती ठेवायला साधारण पंधरा किलो वजन पेलण्याएवढा जोर पुरतो. नुसता एका अंशाचा चढ आला की त्यात आणखी सतरा-अठरा किलोंची भर. डोळ्यांना न दिसणारा चढ पोटऱ्यांना बरोबर कळतो.

शेवटी पाठीवर भलीमोठी पिशवी अडकवलेला एक पोरगा आला. एक शब्द न बोलता त्याने डिकीला खांदा लावला. गाडी सरकली, वेग धरला, बायकोने दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि इंजिन खोकत सुरू झालं. मी आभार मानेपर्यंत पोरगा गर्दीत नाहीसा झालेला.

"बघा, मी म्हणालो नव्हतो? बाहेरचं बल लागतं," काका म्हणाले.

मी धापा टाकत होतो. सेकंदाला दोन मीटर वेगाने हजार किलोची गाडी म्हणजे गतिज ऊर्जा 2000 जूल. खाण्याच्या हिशेबात अर्धी किलोकॅलरीसुद्धा नाही. बाकी माझा सगळा घाम घर्षण, चढ आणि काका यांच्यात वाटला गेला.

मी दार उघडतोय तर मागचं दार आधीच उघडलेलं.

"चालू झालीच आहे तर पुढच्या वळणापर्यंत सोडा," काका आत सरकत म्हणाले. "आणि ब्रेक हळू मारा हं. जडत्व असतं."