तिथीचा बाजार

"पितृपक्षात कुणी फिरायला जातं का?" सासूबाई म्हणाल्या. तिकिटं काढून देणारा म्हणाला, "सोमवार ते गुरुवार तिकडे काहीच नसतं मॅडम, शनिवारी जा." दोघांचंही न ऐकता आम्ही दोघं गेलो.

अम्फवा. बँकॉकपासून साधारण दीड तास, समुत सोंगख्राम प्रांतात. थायलंडमधला हा सगळ्यात लहान प्रांत. मेक्लाँग नदीला मिळणारा कालवा, दोन्ही काठांना लाकडी घरांच्या रांगा, पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. शुक्रवार ते रविवार दुपारनंतर इथे तरंगता बाजार भरतो. त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील, होडीतच शेगडी मांडून कोळंबी आणि माकुल भाजतात ते. आम्ही पोचलो सोमवारी. निम्म्याहून जास्त दुकानं बंद, होड्या खांबांना बांधलेल्या.

खोटं कशाला बोलू, पहिला दिवस कंटाळ्यात गेला. दोन रात्री एकाच दुकानात नूडल्स खाल्ल्या. नवरा शाकाहारी, त्याला 'जे' (म्हणजे शाकाहारी) हा एक शब्द पाठ करून दिला होता, पण फिश सॉसपुढे शब्दाचं फार चालत नाही.

मंगळवारी पहाटे पायऱ्यांवर बसले होते. एक भिक्खू एकटाच छोटी होडी वल्हवत आला. आमच्या घरमालकीणबाई गुडघ्यांवर बसल्या, त्यांनी भात आणि पिशवीत बांधलेलं कालवण त्याच्या पात्रात ठेवलं. त्याने काहीतरी पुटपुटलं आणि तो पुढच्या पायरीकडे गेला. याला तिथे 'बिंताबात' म्हणतात, म्हणजे आपला पिंडपातच, भिक्खूची भिक्षा. ना कुणी फोटो काढला, ना कुणी थांबलं.

बाईंना मी 'पी' म्हणायचे. थाई भाषेत ताई आणि दादा दोघांनाही हाच शब्द. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात साल आपल्यापेक्षा 543 ने पुढचं, आणि तारखेखाली चंद्राच्या तिथ्या. पींनी बुधवारवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "था खा." मी मोबाईलवर पंचांग उघडलं तर बुधवारी वद्य सप्तमी!

तर गंमत अशी. जवळच्या था खा गावात कालव्यावरचा जुना बाजार वारावर नाही, तिथीवर भरतो. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांत द्वितीया, सप्तमी, द्वादशी. म्हणजे दर पाच दिवसांनी. आता पर्यटकांसाठी तो शनिवार-रविवारीही भरवतात, पण मूळ हिशेब हा. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्या कोकणातल्या दाभोळ खाडीवर भांग (लहान भरती) कधी आणि उधाण (मोठी भरती) कधी हे आजोबा तिथीवरूनच सांगायचे. पाण्यावरच्या माणसाला रविवारचं काय कौतुक?

बुधवारी सकाळी पींबरोबर गेलो. वल्ह्याच्या होड्या, त्यात नारळ, पपनसं, केळी, भाज्या. घासाघीस हळू आवाजात. बहुतेक गिऱ्हाइकं आसपासचीच. तिथे माडाच्या रसाची साखर करतात, खरं तर गूळच. बांबूवरून माडावर चढायचं, पोय (माडाचा फुलोरा) कापून रस उतरवायचा, तो आंबू नये म्हणून भांड्यात लाकडाच्या ढलप्या टाकायच्या आणि मोठ्या कढयांत आटवायचा. आमच्याकडे हाच रस आंबू देतात आणि मग त्याला परवाना लागतो.

पींनी दोन किलो गूळ घेतला. कशाला, विचारलं. मोबाईलमधल्या भाषांतराने उत्तर दिलं: मेलेल्यांसाठी.

त्यांच्या दहाव्या चांद्रमासाच्या अमावास्येला 'सात' नावाचा सण असतो. लाह्या, पोहे, शेंगदाणे, तीळ आणि हा गूळ घालून चिक्कीसारखा 'क्रायासात' करतात, देवळात नेतात आणि त्याचं पुण्य पितरांच्या नावे करतात. ती अमावास्या म्हणजे आपली सर्वपित्री! ज्या पंधरवड्यात मी प्रवासाला निघू नये म्हणून घरात कुरकुर चालली होती, त्याच पंधरवड्याची खरेदी मी दुसऱ्या देशात होडीत बसून बघत होते. पींना हे सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. मेलेले सगळीकडेच असणार, असा काहीसा चेहरा.

माझं म्हणणं एवढंच आहे, की "वीकडेला काही नसतं" याचा अर्थ "आपल्यासाठी मांडलेलं काही नसतं" असा होतो. पण उलट्या टोकालाही जायला नको. 'खरं गाव' बिव म्हणत गळे काढणारी मंडळी मला सोसत नाहीत. मी ज्या शांततेत पाय सोडून बसले होते, ती काही पूर्वापारची नाही. हा मुलूख पाण्यानेच फिरायचा. शेजारचा दाम्नोन सादुआक कालवा 32 किलोमीटरचा, 1866 ते 1868 मध्ये खणलेला, मेक्लाँग आणि था चिन या दोन नद्या जोडायला. नंतर रस्ते आले, माल ट्रकमध्ये गेला आणि अम्फवाचा बाजार बसला. 2004 मध्ये तो पुन्हा भरवायला लागले, शनिवार-रविवारच्या माणसांच्या जिवावर. त्या गर्दीचे पैसे आले नसते तर ही लाकडी घरं कितपत टिकली असती, शंकाच आहे. आमच्या चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरात मचवे यायचे बंद झाले, तिथे असं काही कुणी केलं नाही.

रात्री होडीतून काजवे पाहिले. सप्तमीचा चंद्र उशिरा उगवतो, त्यामुळे काळोख मिट्ट. काजवे बसतात ते 'लम्फू'च्या झाडांवर, म्हणजे आपल्या खाडीकाठच्या चिप्पीची बहीण. आख्खं झाड एका तालात लुकलुकतं. शनिवारी याच वाटेने इंजिनाच्या होड्या रात्री उशिरापर्यंत धडधडत जातात, आणि काठावरच्या लोकांना झोप येत नाही, असं पी म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या दोन खोल्या मात्र शनिवारीच भरतात, हेही त्याच म्हणाल्या.

(मेक्लाँगचे बांगडे सांगायचे राहिलेच. 'प्ला थू', आपल्या बांगड्याचाच आखूड भाऊ, मान मोडून टोपलीत बसवलेला. पितृपक्षात खाल्ला. सासूबाई फेसबुकवर नाहीत.)

शुक्रवारी सकाळी निघालो तेव्हा शेजारच्या दुकानाच्या फळ्या निघत होत्या. पींनी विकतच्या क्रायासातचा पुडा हातात ठेवला.

सासूबाईंनी तो उलटापालटा करून पाहिला, लाह्या ओळखल्या, तीळ ओळखले. सर्वपित्रीला पानाबरोबर त्याचा एक तुकडा गच्चीवर ठेवला. कावळ्याने आधी तोच उचलला.