गाडी नंबर?

हिंजवडीच्या पुढे, माण रस्त्याला, एका ‘हरित’ गृहप्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचं लाँचिंग होतं. आमंत्रणपत्रिका बियांच्या कागदाची. कुंडीत पुरली की त्यातून तुळस येते म्हणे. ती आली प्लास्टिकच्या पाकिटातून, कुरिअरने. वर्तमानपत्राची प्रॉपर्टी पुरवणी बघणाऱ्याच्या घरी अशा बऱ्याच तुळशी येतात, उगवत एकही नाही. ते असो. मी बसने गेलो आणि थांब्यापासून पुढे चालत. राग त्यानंतरचा आहे आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

गेटवर काचेची केबिन, केबिनमध्ये वॉचमन, वॉचमनच्या हातात टॅब.

“नाव?” सांगितलं. “मोबाईल?” सांगितला. ओटीपी आला, बँकवाले कुणालाही सांगू नका म्हणतात तसला, तोही सांगितला.

“गाडी नंबर?”

“गाडी नाही.”

“टू-व्हीलर का?”

“नाही हो. बसने आलो. पुढे चालत.”

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. माझ्या बुटांवरची धूळ पाहिली, गळ्यातलं प्रेसचं कार्ड पाहिलं आणि दोन्हींचा मेळ काही त्याला बसेना.

“चालत कशाला?” त्याने काळजीने विचारलं. घरातलं कुणी आजारी आहे का, या सुरात.

माणूस हिंगोलीकडचा. स्वभावाने गरीब आणि कायद्याने पक्का. मला अडवायचा त्याचा अजिबात इरादा नव्हता, पण टॅबचा होता. “नंबर टाकल्याबिगर ते पुढं सरकतच नाही, सर. बघा.” त्याने टॅब माझ्याकडे फिरवला. वाहनाचा प्रकार: फोर-व्हीलर, टू-व्हीलर, कॅब, डिलिव्हरी, स्कूल बस, टँकर.

“यात ‘इतर’ नाही का?”

“आहे ना. इतर दाबलं की विचारतंय, इतर वाहनाचा नंबर टाका.”

मागून एक पांढरी एसयूव्ही आली. आत एकटा माणूस, काचा बंद, एसी चालू. काचेवरचा स्टिकर वाचून अडसर आपोआप वर गेला. त्या माणसाला नाव सांगावं लागलं नाही, ओटीपी सांगावा लागला नाही आणि ‘गाडीने कशाला?’ असं तर त्याला जन्मात कुणी विचारलेलं नसणार.

वॉचमन विचारात पडला होता. “एक करता का सर? मागं नाक्यावर रिक्षा असत्यात. रिक्षा करून या. उतरू नका, तसंच आत या. रिक्षाचा नंबर टाकतो.”

“म्हणजे मी नाक्यापर्यंत चालत जायचं आणि जिथे उभा आहे तिथे रिक्षाने परत यायचं?”

“हां!” मला एकदाचं समजलं म्हणून त्याला फार बरं वाटलं.

“अहो, पण कामाला येणाऱ्या मावश्या चालतच येतात ना?”

“त्यांचं डेली हेल्पमध्ये असतंय. टाकू का तुम्हाला त्यात? मेड आहे, कुक आहे, कार वॉशर आहे, योगा टीचर आहे. कशात टाकू?”

मी योगा टीचर म्हणालो. त्याने माझ्या पोटाकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, “कुक टाकतो.”

पण कुक व्हायलासुद्धा फ्लॅट नंबर आणि पोलीस व्हेरिफिकेशन लागतं. मी ज्या इमारतीच्या लाँचिंगला आलो होतो तिला अजून फ्लॅट नव्हते, खड्डा होता. खड्ड्याची मंजुरी टॅबवर घेता येत नाही.

ऊन तापलं तसा मी केबिनच्या सावलीला सरकलो, तर काचेच्या केबिनला सावली कुठली? आतून मात्र त्याने पश्चिमेच्या काचेवर कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवला होता. या संपूर्ण प्रकल्पात उन्हाचा विचार करून केलेलं एवढं एकच बांधकाम मला दिसलं. 2018 साली सरकारने घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. इमारतीच्या भिंती-खिडक्यांमधून आत येणारी उष्णता, थंड हवेचे प्रदेश सोडले तर, सरासरीने चौरस मीटरला 15 वॅटच्या वर जाऊ नये, असं ती सांगते. ती वाचून आर्किटेक्टने काय केलं ते समोरच दिसत होतं, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. हिंगोलीकराने न वाचता पुठ्ठा लावला. सोसायटीने त्याला तो काढायची नोटीस दिली आहे. एलिव्हेशन खराब दिसतं.

तेवढ्यात टँकर आला. पाण्याचा, दहा हजार लिटरचा, मागून गळणारा. वॉचमनच्या डोळ्यांत चमक आली.

“सर, क्लीनर म्हणून जाता का?”

टँकरचा ड्रायव्हर मोठा दिलदार निघाला. “या की साहेब, क्लीनर आज गावाला गेलाय,” म्हणत त्याने दार उघडलं. फोटो काढताना वॉचमन म्हणाला, “जरा डावीकडं वाका, मागं टँकर दिसू द्या.” मी वाकलो. मोबाईलवर लगेच मेसेज आला: टँकर सेवेसाठी आपला प्रवेश मंजूर, आपला दिवस हरित जावो.

अशा रीतीने, वॉटर पॉझिटिव्ह, म्हणजे वापरतो त्याहून जास्त पाणी वाचवतो-साठवतो, म्हणून जाहिरात झालेल्या गृहसंकुलात मी पाण्याच्या टँकरमधून दाखल झालो.

आत एसी मंडप. मार्केटिंगचे एक गृहस्थ पडद्यावर गुण दाखवत होते. लीडसारख्या, म्हणजे इमारत किती पर्यावरणस्नेही ते जोखणाऱ्या, मानांकनात बसची सोय जवळ असली की गुण मिळतात, सायकली ठेवायला जागा केली की गुण मिळतात. यांनी बसथांब्याचे गुण धरले होते. थांब्यावर उतरणारा माणूस आत कसा यायचा, याला गुण नसावेत. शिवाय आता मिळालेलं मानांकन हे प्री-सर्टिफिकेशन. म्हणजे नकाशा बघून दिलेली शाबासकी. लग्नाच्या पत्रिकेवर ‘सुखी संसाराबद्दल अभिनंदन’ छापण्यापैकीच हा प्रकार, पण होर्डिंगवर ‘प्लॅटिनम’ एवढंच मोठ्या अक्षरात येतं, पुढचं तळाला मुंगीएवढं.

खरी गंमत एफएसआयची, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल त्या मर्यादेची, आहे. 2020च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्रात, हरित मानांकनाच्या पायरीप्रमाणे मूळ एफएसआयवर 3, 5 किंवा 7 टक्के जादा बांधकाम मिळतं. पर्यावरण जपलंत, शाब्बास, आता आणखी थोडं काँक्रीट ओता. जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी 7-8 टक्के एकटं सिमेंट सोडतं. बिल्डरने ही सवलत घेतली तर त्याला दोष नाही, धंदा करतोय तो. पण मग स्टेजवरून ‘ही वसुंधरेची सेवा आहे’ असं दाटून आलेल्या गळ्याने सांगू नये. हिशेबाने सांगावं, आम्ही ऐकू.

प्रश्नोत्तरांत मी भिंतींबद्दल विचारलं. कमी खर्चाच्या घरांसाठी नावाजलेले आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात रॅट ट्रॅप पद्धतीच्या भिंती भरपूर बांधल्या. विटा कडेवर उभ्या, मध्ये पोकळी. विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे आत गारवा राहतो. इथे निदान पश्चिमेला काचेऐवजी जाड किंवा पोकळ भिंत का नाही?

“सर, क्लायंटला व्ह्यू पाहिजे.”

“कशाचा?”

त्यांनी खिडकीबाहेर हात केला. बाहेर शेजारच्या प्रकल्पाची पश्चिमेची काच चमकत होती.

लगेच मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ पत्रकार उठले आणि पेठेतल्या वाड्यांवर बोलू लागले. जाड भिंती, चौक, कात्रजहून नळाने हौदात येणारं पेशव्यांचं पाणी, आणि आता बघा. मला वाड्यांचं कौतुक आहे, पण वाड्याचं गुणगान करणाऱ्याने आधी हे सांगावं की सकाळी टमरेल घेऊन तो रांगेत कितवा असायचा. नानासाहेबांनी कात्रजचं पाणी शहरात आणलं हे खरंच मोठं काम. त्यात घेण्यासारखं एवढंच की पाणी आधी आणलं. आम्ही फ्लॅट आधी विकतो, मग पाणी शोधायला टँकर धाडतो.

तेव्हा मी टँकरचंच विचारलं. “ते टेम्पररी आहे,” गृहस्थ म्हणाले. पहिल्या टप्प्यात दोन वर्षांपूर्वी राहायला आलेल्या एक बाई शेजारी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “आम्हालाही हाच शब्द सांगितला होता. मेंटेनन्समध्ये टँकरची ओळ मात्र परमनंट आहे.” पार्किंगच्या खाली पावसाच्या पाण्याची टाकी आहे. सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपीही आहे आणि बाग त्याच पाण्यावर छान हिरवी आहे. बागेला पाणी आहे, पिण्याला नाही. पाऊस पुण्यात जून ते सप्टेंबर पडतो आणि माणसाला तहान बाराही महिने लागते, एवढा साधा हिशेब पडद्यावरच्या चोवीस स्लाइड्समध्ये कुठेच नव्हता.

मी बातमी लिहिली. मानांकन लिहिलं, जादा एफएसआय लिहिला, काच लिहिली, बाईंचं नाव न घालता टँकर लिहिला. शनिवारी पुरवणी आली. पहिल्या पानावर त्याच प्रकल्पाची पानभर जाहिरात. हिरवळ, आभाळ, सायकलवर एक हसरा माणूस. बातमी आत, तिसऱ्या पानावर, आणि तिच्यात एफएसआय नाही, काच नाही, टँकर नाही. डेस्कला फोन केला. “अहो, जागाच नव्हती,” तिकडून उत्तर आलं, “आणि टँकरचं ते वाक्य जरा निगेटिव्ह वाटत होतं.”

वाक्य असं होतं: ‘प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याला सध्या टँकरने पाणी पुरवले जाते.’ जाहिरातीतल्या आभाळात ते सहज मावलं असतं.