मशीन राहू दे, ऑर्डर द्या

फीडमध्ये परत तोच फोटो आला, नेत्याचा वाढदिवस, मागे भलामोठा बॅनर आणि स्टेजवर विधवा बायका रांगेत, प्रत्येकीपुढं एक शिलाई मशीन. फुकट मिळतंय तर चांगलंच आहे की, माझं काही म्हणणं नाही. पण एकाच गावात एकदम एवढ्या मशीन वाटल्यावर ब्लाऊज शिवायला टाकणार कोण? काही महिन्यांत त्या मशीनवर कपड्यांच्या घड्या रचलेल्या असतात. त्यापेक्षा शाळेच्या गणवेशाची ऑर्डर द्या ना, कापडासाठी थोडा ॲडव्हान्स आणि माल दिला की लगेच पैसे. आणि प्लीज, "तेवढाच बिचारीला आधार" म्हणत टेलरच्या निम्मी मजुरी टेकवू नका, ते स्वस्तात काम करून घेणं झालं.

आपल्याकडे हे आधी कुणाला कळलं नव्हतं असं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढं केडगावला मुक्ती मिशनमध्ये तर बायका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायच्या! पुण्याच्या सेवासदनानं नर्सिंग शिकवलं, शिक्षिका तयार केल्या. ज्या कामाला बाहेर मागणी आणि पगार आहे तेच शिकवलं त्यांनी.

२०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं ठराव केला, नवरा गेल्यावर बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. मानलं त्या गावाला. पण कपाळावर कुंकू राहिलं आणि पोराच्या वहीसाठी सासऱ्यापुढं हात पसरायचा असेल तर घरात तिचं कोण ऐकणार?

सरकारी गंमत बघा. संजय गांधी निराधार योजनेत विधवांना महिन्याला १५०० रुपये पेन्शन आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट वर्षानुवर्षं २१,००० ची, म्हणजे महिन्याला १७५०. बाईनं जरा बरं काम धरलं आणि कागदावर दाखवलं की पेन्शन धोक्यात, मग ती कमाई लपवते नाहीतर काम सोडते, कारण काम आज आहे उद्या नाही, पेन्शन निदान येते तरी (तीही कधी कधी रखडतेच). कमाई सुरू झाल्यावर दोनेक वर्षं तरी चालू ठेवा की राव.

आणि मजुरी तिच्याच खात्यावर टाका. खातं तिच्या नावावर पण पासबुक दिराच्या कपाटात आणि ओटीपी दिराच्या मोबाईलवर, हे सर्रास असतं. तेव्हा काम देताना खात्याला नंबर कुणाचा लिंक आहे ते विचारा, आणि दुसऱ्याचा असेल तर तिच्यासोबत बँकेत जाऊन बदलून घ्या, तासाभराचं काम आहे.