जळजळ आणि जिभेचा दोष : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. छातीतल्या जळजळीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही लांबतंय. तुमचे आक्षेप तीन. वारंवार छातीत जळजळ होणाऱ्यांची संख्या मी फुगवली, जिभेवर ताबा नसणाऱ्यांच्या चुकीला आजार ठरवलं, आणि शेवटी उगाच घाबरवलं.

संख्येचं आधी. आठवड्यातून एकदा तरी जळजळ होते किंवा आंबट पाणी घशाशी येतं, असं सांगणारे प्रौढ जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर साधारण १३ टक्के भरतात. प्रदेशागणिक फरक मोठा आहे. २०१४च्या एका आढाव्यात उत्तर अमेरिकेत हे प्रमाण १८ ते २८ टक्के होतं, पूर्व आशियात ८ टक्क्यांच्या आत. तुमच्या ओळखीत असं कुणीच नाही म्हणता, पण रात्री दोनला उठून बसणारा माणूस सकाळी ते चारचौघांत सांगत नाही.

आता जीभ. बहुतेक रुग्णांच्या पोटात आम्ल इतरांपेक्षा जास्त तयार होतच नाही. ते नको तिथे पोचतं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. गिळताना उघडतं, एरवी मिटलेलं. भरपेट जेवल्यावर ते मधूनच आपोआप सैलावतं, हे तुमचं-माझंही होतं. पण पोट सुटलेलं असेल तर खालून दाब वाढतो. हायटस हर्नियात जठराचा वरचा भाग छातीकडे सरकतो आणि कड्याला असलेला श्वासपटलाचा (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याचा) आधार सुटतो. गरोदरपणात संप्रेरकांमुळे कडं ढिलं पडतं, वर वाढत्या गर्भाशयाचा दाब. रक्तदाबाच्या काही गोळ्या, हृदयविकारातली नायट्रेट्स, दम्यावरचं थिओफिलिन यांनीही तेच होतं. यातल्या कुणाला ‘चोचले बंद करा’ म्हणून सांगायचं?

खाण्याचा संबंध नाही, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तेलकट पदार्थ, चॉकलेट, कॉफी, मद्य अनेकांना बाधतात, पण सगळ्यांना सारखे नाही. ज्याला जे बाधतं, त्याने ते टाळावं. सरसकट पथ्याची यादी हातात देण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा वजन कमी करणं, सिगारेट सोडणं, जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवणं आणि डाव्या कुशीवर झोपणं यांचा उपयोग जास्त. पलंगाची डोक्याकडची बाजूही उंच करावी. (नुसत्या उशा रचून भागत नाही, कंबरेत वाकून पोटावर दाब येतो.)

लोक गोळ्या उगाच घेतात, हा तुमचा जाता जाता मांडलेला संशय मात्र निम्मा रास्त आहे. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या कित्येक जण वर्षानुवर्षं कुणालाही न विचारता घेतात. पँटोप्राझोलसारखी गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायची असते, तीही जेवण झाल्यावर घेतात आणि मग गुण येत नाही म्हणतात.

राहिला घाबरवण्याचा मुद्दा. घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, काळी शौच यांपैकी काहीही असलं तर पथ्य करत बसू नये, डॉक्टर गाठावा. आणि छातीत दाब येऊन कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर ती जळजळ समजून अँटासिड घेत थांबू नये, तडक इस्पितळात जावं. ‘हा मजकूर काढा’ असं तुम्ही सुचवलंत. तो मी काढणार नाही.