एकमत कसलं, घासाघीस होती ती

तुमचा लेख आवडला, पण १७८७ साली फिलाडेल्फियात भरलेल्या सभेत अमेरिकेची राज्यघटना 'थोर मंडळींच्या एकमताने' झाली, असं त्यात म्हटलंय, ते काही पटलं नाही. ऱ्होड आयलंड या राज्याने तर सभेला माणूसच पाठवला नाही. न्यूयॉर्कच्या तिघा प्रतिनिधींपैकी दोघे जुलैत उठून घरी गेले. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, लहान-मोठ्या सगळ्या राज्यांना सारख्या जागा, हा तोडगा १६ जुलैला ५ विरुद्ध ४ राज्यांच्या मतांनी कसाबसा तरला, तोही मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधींची मतं समसमान फुटून त्या राज्याचं मत कुणालाच गेलं नाही म्हणून! आणि ज्याला आपण 'घटनेचा जनक' म्हणतो तो मॅडिसन या तोडग्याच्या विरोधात होता.

सभेचं कामकाज गुप्त ठेवलं होतं, त्यावर लेखात एकच ओळ आहे. जॉर्जियाचा प्रतिनिधी विल्यम पिअर्स याने लिहून ठेवलेला किस्सा घ्यायला हवा होता. कुणा सदस्याच्या हातून ठरावांचा कागद बाहेर पडला. सभेचा अध्यक्ष वॉशिंग्टन याने भर सभेत खरडपट्टी काढली, कागद टेबलावर टाकला, 'ज्याचा असेल त्याने न्यावा' म्हणाला आणि हॅट उचलून चालता झाला. कागद न्यायला कुणाची छाती झाली नाही.

गुलामगिरीचा सौदा मात्र तुम्ही फारच सौम्यपणे उरकलात. कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येनुसार राज्यांच्या जागा ठरवताना ५ गुलाम म्हणजे ३ माणसं धरायची, आणि १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालायची नाही. म्हणजे गुलाम जास्त असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांना जागा जास्त आणि गुलामांना मत शून्य. घटनेत नागरिकांच्या हक्कांची सनद नाही म्हणून सही नाकारणारा व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जॉर्ज मेसन स्वतः गुलामांचा मालक! पुढच्या भागात त्याच्यावर सविस्तर लिहाल का?